परळीतला समुद्र आणि चिमूटभर साखर

परळीला समुद्र नाही. राख आहे, कोळसा आहे, वैजनाथाचं देऊळ आहे, हंगामात उसाच्या गाड्या आहेत. समुद्र बघायचा तर अख्खा दिवस प्रवास करावा लागतो. तरी मी या गावात बरीच वर्षं समुद्र सांभाळला, बरं का. चार फूट लांब, दीड फूट रुंद, काचेच्या आत मावणारा. तो कसा सांभाळला ते सांगतेच, पण खरं सांगायचंय ते माझ्या एका चुकीबद्दल. ती मी आजवर दोन-तीन माणसांनाच सांगितली होती. आता दिवाळी अंकात छापून येणार म्हणजे सगळ्या जिल्ह्याला कळणार. कळू द्या.

गावात मला मासेवाल्या कांतामावशी म्हणतात. त्यावरून लई घोटाळे झाले. दुकान उघडलं त्याच आठवड्यात एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. काचेतल्या गोल्डफिशकडं नीट बघून म्हणाले, "मावशी, हे किलो कसं? साफ करून देता का?" मी म्हटलं, "दादा, हे बघायचे मासे हायेत." तर म्हणाले, "बगितले की. आता भाव सांगा."

या धंद्यात मी ठरवून आले नाही. आमचे मालक वीज केंद्रात कामाला होते, आम्ही कॉलनीत राहायचो. तिथल्या साहेबलोकांच्या बदल्या व्हायच्या. बदलीच्या ट्रकात फ्रीज जातो, कपाट जातं, तुळशीची कुंडीसुद्धा जाते, पण फिशटँक जात नाही. रस्त्यात फुटतो. मग जाताना कुणाच्या तरी दारात ठेवून जायचे. आमच्या दारात पहिला आला तेव्हा त्यात नऊ मासे होते. पंधरा दिवसांनी दोन राहिले. मी सातवी शिकलेली. मासे कशानं मेले ते कुणाला विचारावं तेही कळेना. बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं पोरीच्या पुस्तकाला लावून वाचली, हैदराबादच्या व्यापाऱ्यांना फोन करकरून डोकं खाल्लं, आणि शिकले. दोन टाक्यांच्या सहा झाल्या, मग स्टेशन रोडला दुकान झालं, मग लोकांच्या घरी जाऊन टाक्या धुवायचं काम लागलं.

शिकले म्हणजे काय, तर एकच गोष्ट शिकले. लोकांना वाटतं की मासे सांभाळायचे असतात. मासे आपले आपण राहतात हो, सांभाळायचं असतं पाणी. मासा खातो, हगतो. उरलेलं खाणं तळाला कुजतं. त्याचा अमोनिया होतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तो खातात आणि त्याचं शेवटी नायट्रेट करून ठेवतात. हे नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही. आपल्या घरातला केर कोपऱ्यात साठावा तसं ते पाण्यात साठत जातं. गोड्या पाण्यात वनस्पती लावल्या की त्या ते खातात. खाऱ्या पाण्यात, पोवळ्यांच्या टाकीत, ते खाणारं फारसं कुणी नसतं. म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी काढायचं, नवं घालायचं. मोजायचं कसं? नळीत पाणी घ्यायचं, बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं. पिवळं आलं तर सुखानं चहा प्या. केशरी आलं तर सावध. कुंकवासारखं लाल आलं तर पदर खोचा.

आणि माझा एक कडक नियम होता. स्वयंपाकघरातलं काहीही टाकीत जाता कामा नये. हा नियम मला दिंद्रुडच्या एका किराणा दुकानदारानं शिकवला. त्यांचे मासे तोंड वर करून हवा घ्यायला लागले म्हणून मी गेले, तर पाण्यावर तेलाचा तवंग. "शेठ, काय घातलं?" तर म्हणाले, "शेव. पाकिटातली न्हाई बगा, घरची हाय, ताजी." तेव्हापासून मी प्रत्येक घरात पहिल्या दिवशी दम द्यायची. शेव नाही, पोळी नाही, भात नाही.

आता अप्पांकडं येते.

अप्पा म्हणजे शिवलिंगअप्पा. बाजारात त्यांचं पाईप आणि मोटारींचं दुकान. घरात नवराबायको दोघंच, लेकी लांब दिलेल्या. महानंदावहिनींचे गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. त्याआधी एकदा दोघं रामेश्वराला गेली होती. तिथं काचेच्या बुडाच्या होडीतून वहिनींनी पोवळी बघितली आणि परत आल्यावर त्यांच्याबद्दलच बोलायला लागल्या. अप्पांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मावशी, हिला आता रामेश्वर व्हायचं न्हाई. तिथलं पानी हितं आणता येतंय का बगा."

मी तोवर फक्त गोडं पाणी केलं होतं. पण माणूस पाईपवाला, हौशी. नळ्या, व्हॉल्व, पंप सगळं त्यांनी हातानं जोडलं. मी हैदराबादच्या रफीकभाईकडून मीठ, सच्छिद्र दगड आणि मऊ जातीची पोवळी मागवली. त्यातलं एक झेनिया नावाचं. त्याला बोटं असतात आणि ती दिवसभर मुठींची उघडझाप करतात. वाऱ्यानं नाही, पाण्याच्या ओढीनं नाही, आपली आपणच. दोन केशरी-पांढरे जोकर मासे सोडले आणि साफसफाई करणारी एक लाल पट्ट्याची कोळंबी. टाकीसमोर वहिनींची खुर्ची आली. भाजी निवडणं तिथंच, जप तिथंच, लेकींचे फोन तिथंच. मी गेले की म्हणायच्या, "मावशी, आज माझी लेकरं लई मुठी मारायलीत बगा."

चार वर्षं ती टाकी अशी चालली की मलाच तिचा गर्व झाला. थेंब टाकले की पिवळंच. रफीकभाई फोनवर म्हणायचा, "मावशी, तुमारे हात में कुछ है." मलाही वाटायला लागलं, असेल बाई.

एरवी मी दुपारची जायची. एका सोमवारी गावाला जायचं होतं म्हणून सकाळी लवकरच गेले. वहिनी देवघरातून भिंत धरत धरत आल्या. हातात छोटी वाटी. त्यांनी अप्पांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. दूधवाला दारात होता, त्याला दिली. मग माझ्यापुढं धरली. ती त्या नेहमीच धरायच्या, दुपारी गेले तरी माझ्या वाटणीची वाटीत ठेवलेली असायची, आणि मी नेहमीच म्हणायची, "आमच्यात नसतंय वहिनी." आम्ही बौद्ध. आमच्या घरी देवघर नाही, नैवेद्य नाही. त्याही मग आग्रह करायच्या नाहीत. त्या दिवशी त्या तशाच पुढं गेल्या, टाकीचं झाकण उचललं आणि चिमूटभर साखर पाण्यात सोडली.

"वहिनी! हे काय करायलाव?"

"प्रसाद हाय मावशी. समद्यांना देऊन मगच मी चहा घेते. ते बी घरातलेच की."

"रोज टाकता?"

"रोज. टाकी आली तवापासून."

मी काय बोलले ते आठवलं की आजही कान तापतात. दूधवाल्यासमोर, अप्पांसमोर बोलले. म्हटलं, "कुणी सांगितलंय तुमाला? साखरेनं पाणी सडतंय. मासे मेले तर देव येनार हाय का पाणी बदलायला? हे शास्त्राचं काम हाय, हितं देवधर्म चालत न्हाई." सातवी शिकलेल्या बाईला शास्त्र शब्द तोंडात लई गोड लागतो.

वहिनींनी वाटी पदराखाली घेतली. "मला ठावं नव्हतं, मावशी," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी साखर टाकणं बंद केलं.

महिन्याभरानं थेंब केशरी आले. मला वाटलं, बाटली जुनी झाली. नवी आणली. तीही केशरी. पुढच्या खेपेला लाल. पहिली कोळंबी गेली. झेनियाच्या मुठी आधी हळू झाल्या, मग अर्ध्यावर थांबल्या, मग बोटं खाली लोंबायला लागली. इतर पोवळी तपकिरी पडली.

मी सगळे उपाय केले. आरओचं पाणी तपासलं, कारण आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यातच खतांचं नायट्रेट उतरलेलं असतं. तिथं काही नव्हतं. खाणं निम्मं केलं. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून धुतले. तळाची वाळू नळीनं ओढली. चौथा हिस्सा पाणी बदललं, पुढच्या आठवड्यात परत बदललं. पाणी बदललं की दोन दिवस केशरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल. शेवटी अप्पा बोलले. "मावशी, राग मानू नका, पन तुमच्या मिठातच काय तर हाय. घरात तर दुसरं काईच बदललं न्हाई."

ते वाक्य नीट ऐकलं असतं तर तिथंच सुटलं असतं. पण माझ्या मिठाला नाव ठेवलं याचाच मला राग आला.

मग एक दिवस गेले तर टाकीसमोर खुर्ची नव्हती. ती आतल्या खोलीत नेली होती. वहिनी पलंगावर बसलेल्या, तोंड भिंतीकडं. मी म्हटलं, "वहिनी, बाहेर या की. जोकर वाट बगायलेत."

"मी न्हाई येत. माझ्याच हातानं केलं हे."

"काय केलं?"

"चार वर्सं साखर घातली न्हवं? ती साठली असंल आत. आता बाहेर निघायली. तुमी म्हनला व्हतात, सडतंय म्हनून." आणि हळूच म्हणाल्या, "रामेश्वराहून मी मागितली ही टाकी. मीच मारली."

मलाही आतून तसंच वाटत होतं. साखर बंद होऊन तीन महिने झाले होते, तरी मी मनातल्या मनात त्यांच्याच चिमटीवर दोष ठेवून मोकळी झाले होते. ते त्यांना कळलं होतं.

बाहेर येऊन मी स्कीमर धुवायला काढला. स्कीमर म्हणजे एक नळकांडं. त्यात बारीक बुडबुडे वर चढतात आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर वरच्या वाटीत आणून टाकतात. आमची आई गुऱ्हाळावर कामाला जायची. काहिलीत रस उकळला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. स्कीमर हे अगदी तेच काम करतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी रफीकभाईला म्हटलेलं, "ये तो हमारा गुऱ्हाळ है."

चार वर्षं त्या वाटीत काळीकुट्ट, घट्ट मळी यायची. आता वाटीत होतं फिक्कं पाणी, पातळ चहासारखं. पंप चालू, बुडबुडे चांगले, नळकांडं स्वच्छ. मग मळी कावून येईना?

मी तिथंच मोरीजवळ बसले. आई आठवली. रस नुसता उकळला तर मळी नीट वर येत नाही. त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालावा लागतो. तो घाणीला धरतो आणि वर आणतो. भेंडी घालायची राहिली तर गूळ काळा पडतो. म्हणजे मळी वर यायला आत काहीतरी टाकावं लागतं. मग ह्या टाकीत आधी काय पडत होतं, जे आता पडत नाही?

वाटी तिथंच ठेवून मी उठले.

रफीकभाईला फोन लावला. म्हटलं, "भाई, हसू नको. कोई टंकी में शक्कर डालता है क्या?"

तो हसलाच. "डालते ना मावशी! लोगां शक्कर डालते, सिरका डालते. शक्कर खा के जिवाणू बढ़ते, बढ़ने को नायट्रेट भी खाते, फिर स्कीमर उनको बाहर फेंकता. मगर चुटकी भर, हौ? ज्यादा डाले तो सब खल्लास. तुम कब से डाल रै?"

मी म्हटलं, "मी नाही. एक बाई टाकायच्या. मी बंद करवलं."

तो म्हणाला, "तो फिर उनकू बोलो, चालू करो."

सांगायला सोपं होतं त्याला. इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नव्हतं की माझं चुकलं. दिंद्रुडच्या शेठलाही नाही, अन् त्यांच्या मेलेल्या माशांतले दोन खरं तर मीच जास्त औषध घालून मारले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. वहिनींच्या पलंगाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, भेंडी, रफीकभाई. म्हटलं, "तुमच्या साखरेनंच चार वर्सं पाणी निर्मळ ऱ्हायलं. माझ्या हातानं न्हाई. मी चुकले, वहिनी."

वहिनी म्हणाल्या, "माझं मन राखायला बोलायलाव."

"मन राखायला मी कदी बोलले का? तुमीच सांगा."

दारातून अप्पा म्हणाले, "हे मात्र खरं हाय."

"मी न्हाई हात लावत आता," वहिनी म्हणाल्या. "तुमीच टाका. मोजून. शास्त्रानं."

"मला तुमची चिमूट ठावं न्हाई. तुमीच धरून दाखवा."

मी दहा कागदाच्या पुड्या नेल्या होत्या. साखरेचा डबा पुढं ठेवला. त्यांनी दहा चिमटी धरल्या, दहा पुड्यांत सोडल्या. त्या घेऊन मी बाजारातल्या सोनाराकडं गेले. त्यानं काट्यावर एकेक पुडी ठेवली आणि माझ्याकडं बघायला लागला. दहाही पुड्या सारख्या. सोन्याच्या काट्यावर, बरं का. "कोन आहेत ह्या बाई?" म्हणाला. "आमच्याकडं कामाला येतील का?"

हे मी येऊन सांगितलं तेव्हा वहिनी तीन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. मग उठल्या. देवघरात गेल्या, वाटी घेऊन आल्या. अप्पांना दिली. टाकीशी न जाता माझ्यापुढं येऊन थांबल्या.

"आदी तुमी."

"वहिनी, आमच्यात..."

"प्रसाद म्हनून नका घेऊ. साखर म्हनून घ्या. मी कुठं देवाचं नाव लिवलंय तिच्यावर?"

मी हात पुढं केला.

मग त्यांनी टाकीचं झाकण उचललं. पहिला आठवडा मी त्यांना पाव चिमूटच टाकू दिली, कारण एकदम घातली तर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि माशांना श्वास पुरत नाही. मग अर्धी. मग पुरी. खुर्ची बाहेर आली. तिसऱ्या आठवड्यात स्कीमरच्या वाटीत काळी मळी आली. मी ती घाण वाटी दोन्ही हातांत धरून घरभर दाखवत फिरले, जसं काही बारशाचा पेढा वाटायलेय. लाल गेलं, केशरी आलं. दीड महिन्यानं नळीत पिवळं आलं. त्याच्याही पुढं बऱ्याच दिवसांनी वहिनींचा फोन आला. नुसतंच म्हणाल्या, "मावशी, एका बोटानं मूट मिटली."

तुम्ही म्हणाल, मग देवाचा प्रसाद खरा ठरला की काय. तसं मी म्हणत नाही. काम साखरेनं केलं, जिवाणूंनी केलं, स्कीमरनं केलं. वहिनींची चिमूट थोडी मोठी असती तर ती टाकी पहिल्याच वर्षी गेली असती. म्हणून हे वाचून कुणी आपल्या टाकीत साखर ओतू नका, आणि ज्यांच्याकडं स्कीमर नाही त्यांनी तर अजिबात नाही. मी एवढंच म्हणते, की घरात रोज काय होतं ते विचारण्याआधी मी दम द्यायची. त्यानंतर कुणाच्या घरी गेले की आधी विचारायला लागले. दम नंतर द्यायची.

वहिनी आणखी चार दिवाळ्या होत्या. हृदय थकलं होतं. गेल्या तेव्हा दिवसकार्य झाल्यावर अप्पांनी साखर सुरू ठेवली. पण महिन्याभरात पाणी गढूळ झालं. मी जाऊन बघितलं. उभं आयुष्य पाईपाला आटे पाडून त्यांची बोटं जाड झालेली. त्यांची चिमूट वहिनींच्या चिमटीच्या दुप्पट. मी म्हटलं, "अप्पा, वजन माज्याकडं लिहून हाय. एक छोटा काटा घ्या, सकाळी तोलून टाका."

"काट्यानं तोलली तर ते औषध झालं, मावशी," अप्पा म्हणाले. "तिनं औषध टाकलं न्हवतं."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा दुपारी दुकान नोकरावर सोपवून सोनाराकडं जाऊन बसायला लागले. खिशात साखरेची पुडी. चिमूट धरायची, काट्यावर सोडायची. जास्त. परत धरायची. अजून जास्त. सोनार बिचारा गिऱ्हाईक बघू का यांना बघू. बाजार हसला. पाईपवाल्याला म्हातारपणी साखर तोलायचं खूळ लागलं म्हणून. मी एकदा तिथून जाताना बघितलं, तर हा सत्तरीचा माणूस जीभ दातांत धरून, दोन जाड बोटं इतकी हळू जवळ आणत होता, की मी आत न जाता रस्त्यावरूनच परत फिरले.

तोवर तोललेल्या पुड्या मीच टाकत होते, औषध म्हणून. पावसाळा गेला तेव्हा त्यांना ती चिमूट जमली.

आता मी दुकान सोडलं. गुडघे माझेही बोलायला लागलेत. पण सोमवारी सकाळी अप्पांकडं जाते, थेंब टाकते, पिवळं आलं की चहा घेते. झेनिया आता अर्ध्या दगडावर पसरलंय, एवढ्या मुठी की मोजता येत नाहीत. अप्पा देवघरातून वाटी घेऊन येतात, दूधवाल्याला देतात, आणि टाकीशी जाण्याआधी माझ्यापुढं थांबतात.

मी हात पुढं करते. ते साखर ठेवतात. मी ती तोंडात टाकते आणि त्यांच्या बोटांकडं बघते, आज चिमूट बरोबर आहे का ते.